मंद गोळीचा नेम



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही घरांतून रेडिओचा कान पिळला जाईल, याची मला कल्पना आहे. बंदूक हा कुटुंबात बसून बोलावयाचा विषय नव्हे, अशी आपल्याकडील समजूत आहे आणि एकंदरीने ती चांगलीच आहे. परंतु १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडी या गावच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत ५० मीटर रायफलच्या तीन आसनांच्या स्पर्धेत ४५१·४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले, तेव्हा ही समजूत थोडी सैल झाली. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी येथे पदक मिळविल्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूस ऑलिंपिकात वैयक्तिक पदक मिळावयास बहात्तर वर्षे जावी लागली. आता आमच्या संभाजीनगरातही मुलामुलींना हाताशी धरून नेमबाजीची चौकशी करीत हिंडणारे आईबाप मला भेटतात. काही महिन्यांनी तेच आईबाप छिद्रे पडलेला एक कागद घेऊन घरी येतात आणि विचारतात, “मास्तर, मुलाचा नेम का बसत नाही? डोळे तपासून घ्यावे काय?”

त्या कागदाविषयी मला आज बोलावयाचे आहे.

मी पदार्थविज्ञानाचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक सेवानिवृत्त शाळामास्तर आहे. मात्र शाळेत असताना राष्ट्रीय छात्रसेनेचे काम पुष्कळ वर्षे माझ्याकडे होते आणि त्या निमित्ताने शेकडो मुलांना वाळूच्या पिशवीवर नळी टेकून पहिली गोळी झाडताना मी पाहिले आहे. छात्रसेनेचा कायदा १९४८ सालचा. आमचा मराठवाडा त्या वर्षाच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखाली होता, म्हणून ही चळवळ आमच्याकडे जरा मागाहून पोचली. जी बंदूक पुढे आमच्या मुलांच्या हाती आली, तिची हकीकत मोठी मौजेची आहे आणि ती सांगितल्यावाचून कागदाचा उलगडा व्हावयाचा नाही.

बाहेरून पाहाल तर ती बंदूक दोन्ही महायुद्धांत वापरलेली ली-एनफिल्ड. तोच लाकडी दस्ता, तोच बोल्ट, तेच वजन. परंतु आतली नळी ·३०३ इंचाची नसून ·२२ इंचाची. मूळच्या बंदुकीची गोळी सव्वाअकरा ग्रॅम वजनाची आणि सेकंदाला सुमारे ७४४ मीटर जाणारी. हिची गोळी अवघी अडीच ग्रॅमच्या आसपास आणि सेकंदाला सुमारे ३२५ मीटर जाणारी. आवाज हवेतून साधारण ३४३ मीटर वेगाने जातो, म्हणजे ही गोळी आपल्याच आवाजाच्या मागे राहते. म्हणून मी तिला मंद गोळी म्हणतो. स्वप्नील कुसाळे यांनी ज्या स्पर्धेत पदक मिळविले, तीही याच जातीच्या मंद गोळीची स्पर्धा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जलद गोळीचा नेम चांगला आणि मंद गोळीचा वाईट, असे जर खरोखरच असते, तर जगातील सर्वांत कठीण रायफल स्पर्धेस ही गोळी निवडली गेली नसती.

मग मोठ्या बंदुकीत नळीच बदलण्याचा खटाटोप कशासाठी केला? मोठ्या काडतुसात दारू थोडी घातली म्हणजे काम भागले नसते काय? हा प्रश्न एका चलाख विद्यार्थ्याने मला वर्गात विचारला होता. याचे उत्तर असे की, तसेही करून पाहिले गेले. बराकीच्या आवारात, लहान अंतरावर सराव करता यावा म्हणून ·३०३ ची कमी भाराची काडतुसे एके काळी तयार होत असत. हौशी लोक आजही परदेशात असे प्रयोग करतात आणि त्यांची एकच तक्रार असते : जोर कमी केला की गोळ्या विखरू लागतात. ही तक्रार नीट तपासली म्हणजे मंद गोळीचे सारे स्वभाव एकामागून एक उघडे पडतात.

मोठ्या डब्यात मूठभर तांदूळ घालून डबा आडवा करा. तांदूळ तळाशी पसरतील. डबा थोडा पुढे कलता केला तर झाकणाकडे धावतील, मागे कलता केला तर बुडाकडे. मोठ्या काडतुसातील थोड्या दारूची हीच स्थिती होते. ठिणगी पडते ती काडतुसाच्या बुडाशी. दारू तेथे जमली असेल तर ती झपाट्याने पेटते, पुढे गोळीपाशी जाऊन बसली असेल तर अडखळत पेटते. नेमबाजाने बंदूक वरून खाली आणून नेम धरला की खालून वर, एवढ्याशा गोष्टीने गोळीचा वेग बदलतो. रिकामी जागा भरून काढावी म्हणून कोणी सावरीचा कापूस घालून पाहिला. त्याने गोळ्या जवळ आल्या खऱ्या, पण काही बंदुकांच्या नळीला आतून वळ उठले. दुसरी अडचण गोळीच्या अंगाची. पूर्ण जोराच्या गोळीला तांब्याच्या मिश्रधातूचे कठीण कवच असते आणि प्रचंड दाबाखाली ती नळीत घट्ट बसते. दाब कमी पडला की ती तशी फुगत नाही आणि वायू तिच्या अंगावरून निसटून पुढे जातो, कधी थोडा, कधी फार. मऊ शिशाची गोळी कमी दाबानेही फुगून नळी बंद करते. ·२२ च्या लहानशा काडतुसात दारूला लोळावयास फारशी जागा नसते आणि गोळी शिशाची असते. या एका युक्तीने दोन्ही अडचणी बऱ्याच अंशी मिटल्या, आणि नळी बदलण्याचे इंगित हेच.

येथे एक लोकभ्रम दूर करावयास हवा. दौलताबादच्या किल्ल्यावरील मेंढा तोप आपणांपैकी बहुतेकांनी पाहिली असेल. तिची नळी आतून गुळगुळीत आहे आणि तिच्यातून सुटणारा गोळा वाटेल तसा गडगडत जात असे. रायफलच्या नळीत मळसूत्री चऱ्या असतात, त्यांतून जाताना गोळीला भोवऱ्यासारखी गती मिळते आणि ती तोंड न वळविता सरळ जाते. ·२२ च्या नळीत चऱ्यांचा एक फेरा १६ इंचांत पुरा होतो, म्हणजे सेकंदाला ३२५ मीटर जाणारी गोळी बाहेर पडताना सेकंदाला सुमारे ८०० गिरक्या घेत असते. ·३०३ ची गोळी सुमारे २९०० घेते. यावरून पुष्कळांचा असा ग्रह होतो की, गोळी मंद झाली म्हणजे गिरक्या कमी पडतात, भोवरा डळमळतो आणि म्हणूनच नेम चुकतो. ऐकावयास हे बरोबर वाटते. परंतु गोळीला उलथून टाकणारी जी हवा, तिचा जोरही वेगाबरोबर घटतो, आणि तोही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून केवळ मंदपणाने गोळी सहसा उलथत नाही. चऱ्यांच्या मानाने गोळी फार लांब असेल तर ती उलथते, आणि तसे झाल्यास कागद चोख साक्ष देतो : छिद्र वाटोळे न पडता लांबट पडते, गोळी आडवी शिरल्यासारखे. आपल्या मुलाच्या कागदावरील छिद्रे वाटोळी असतील तर गिरक्यांचा विचार मनातून काढून टाकावा.

आता कागदाकडे वळू.

पाच गोळ्या एकाच नेमाने झाडल्या म्हणजे पाच छिद्रांचा जो जमाव होतो, त्याला आमचे हवालदार ‘ग्रुपिंग’ म्हणत. मी मुलांना झुबका म्हणावयास शिकवीत असे. पालकांची पहिली चूक येथे होते. झुबका काळ्या वर्तुळाच्या मध्यावर आहे की नाही, एवढेच ते पाहतात. वास्तविक झुबका मध्यापासून चार बोटे दूर असला तरी तो लहान असेल तर घाबरण्याचे कारण नाही, कारण माशी व बॅकसाइट थोडी सरकवली की तो जागेवर येतो. झुबका लहान आहे काय, हा खरा प्रश्न. तो मोठा असेल तर त्याचा आकार कोणता, हा त्याहून महत्त्वाचा.

सर्वांत बोलका आकार उभा झुबका. छिद्रे एकाखाली एक, पेरलेल्या ओळीसारखी पडलेली असतात. मंद गोळीचा हा खास रोग आहे आणि त्यामागे साधे त्रैराशिक आहे. गोळी नळीबाहेर पडताच पृथ्वी तिला खाली ओढू लागते. ·२२ ची गोळी ५० मीटर जाईपर्यंत एक षष्ठांश सेकंदाहून किंचित कमी वेळ जातो आणि तेवढ्यात ती नळीच्या रेषेखाली सुमारे साडेबारा सेंटिमीटर उतरते. ·३०३ ची गोळी तेवढ्याच अंतरात सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास उतरते. आता समजा, एका काडतुसाचा जोर शेकडा तीन कमी पडला. उतार शेकडा सहाने वाढतो. मोठ्या बंदुकीत हा फरक दीड मिलिमीटरही भरत नाही. मंद गोळीत तो साडेसात मिलिमीटर होतो. ५० मीटरच्या निशाणावर दहा गुणांचे वर्तुळ १०·४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि पुढील प्रत्येक वर्तुळ त्याच्या बाहेर आठ मिलिमीटरवर, म्हणजे काडतुसाच्या एवढ्याशा लहरीने जवळजवळ एक गुण गेलाच. आमच्या छात्रसेनेत २५ यार्डांवर हाच फरक दीड मिलिमीटरच्या घरात राही, म्हणून तेथे काडतुसाला दोष देणाऱ्या मुलाकडे आम्ही थोडे संशयाने पाहात असू!

काडतुसाला लहर का येते? ·२२ च्या काडतुसात ठिणगीचा मसाला मध्ये नसून बुडाच्या कडेत भरलेला असतो. तो कडेभोवती सगळीकडे सारखा पसरला नाही तर प्रत्येक काडतूस थोडे वेगळे पेटते. कारखान्यात एका खेपेत तयार झालेली काडतुसे एका स्वभावाची असतात, दुसऱ्या खेपेची दुसऱ्या. म्हणून एकाच सरावात दोन खेपांची काडतुसे मिसळू नयेत. डब्यावरील खेपेचा आकडा वाचण्याची सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावावी. मोठे नेमबाज तर आपली रायफल घेऊन बर्मिंगहॅमजवळच्या ईली कारखान्यासारख्या ठिकाणी जातात, तेथे ती यंत्रात पकडून निरनिराळ्या खेपांची काडतुसे झाडतात आणि जी खेप त्या नळीस मानवेल ती वर्षाची बेगमी म्हणून विकत घेतात. आमच्या मुलांना खडकीच्या दारूगोळा कारखान्यात झालेली काडतुसे सरकारी हिशोबाने मिळत आणि एक-एक मोजून द्यावी लागत. खेप निवडण्याची चैन आम्हांला नव्हती.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट पाहावी. वैशाखात आमच्याकडे पारा चाळिशीपार जातो. काडतुसांचा अर्धा डबा उन्हात आणि अर्धा सावलीत राहिला तर तापलेली दारू अधिक जोराने पेटते आणि त्या गोळ्या वर लागतात. उपाय सोपा आहे : डबा सावलीत ठेवावा आणि काडतूस तापलेल्या नळीत भरून गप्पा मारीत बसू नये.

परंतु उभा झुबका म्हणजे काडतुसाचाच दोष, असे समजून स्वस्थ बसावे असे नाही. श्वास पुरता न आवरता गोळी झाडली तरी छिद्रे उभीच पडतात, कारण श्वासाबरोबर छाती वरखाली होते आणि नळी तिच्या उलट डोलते. मग ओळखावयाचे कसे? बंदूक वाळूच्या पिशव्यांवर नीट बसवून एखाद्या कसलेल्या हाताकडून तीच काडतुसे झाडवावी. झुबका उभाच राहिला तर काडतूस, मिटला तर श्वास. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. मुलगा, बंदूक आणि काडतूस ही तिन्ही एकदम बदलणाऱ्याला काहीच कळत नाही, आणि दुर्दैवाने पालकांची घाई नेमकी तीच असते.

आडवा झुबका पडला तर वारा किंवा बोट. चाप हळूहळू दाबण्याऐवजी झटक्याने ओढला की उजव्या हाताच्या मुलाच्या गोळ्या एका बाजूस जातात. वाऱ्याविषयी मात्र एक नवल सांगण्याजोगे आहे. ·२२ चीच अधिक जोराची, आवाजाहून जलद जाणारी काडतुसे मिळतात. वारा असताना ती वापरावी, म्हणजे गोळी लवकर पोचेल आणि कमी ढळेल, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात ती मंद गोळीहून अधिक ढळते. कारण वाऱ्याने ढळणे हे प्रवासास एकंदर किती वेळ लागला यावर अवलंबून नसते. हवेच्या विरोधामुळे जो वेळ वाया गेला, त्यावर असते. आवाजाच्या वेगाच्या आसपास हवेचा विरोध एकदम वाढतो आणि जलद गोळीचा वेळ तेथे अधिक वाया जातो. मंद गोळी त्या भानगडीत पडतच नाही.

याखेरीज तिसरा आकार आहे, आणि त्याने मुलांचे सर्वांत अधिक नुकसान होते, असे माझे मत आहे. एका झुबक्याऐवजी दोन झुबके पडतात. तीन गोळ्या एका ठिकाणी गळ्यात गळा घालून आणि दोन दुसऱ्या ठिकाणी तशाच.

१९९४ च्या हिवाळ्यात एका शिबिरात आठवीतील एका मुलीचे असे झाले. मुलगी शेतकऱ्याची, शांत, हात दगडासारखा स्थिर. दोन दिवस तिचे कागद असेच येत होते. संघनिवडीचे काम ज्या अधिकाऱ्यांकडे होते त्यांनी कागद वर धरून पाहिला, “हिची नजर फाकते” असा शेरा मारला आणि यादीवरून नाव कमी केले. मुलगी काही बोलली नाही. संध्याकाळी बंदुका पुसताना आमच्या हवालदारसाहेबांनी तो कागद पुन्हा मागून घेतला. फौजेत वीस-बावीस वर्षे घालवलेला माणूस. ते म्हणाले, “सर, नजर फाकली असती तर पाची गोळ्या पाच ठिकाणी गेल्या असत्या. या पोरीने दोन ठिकाणी नेम धरलाय, आणि दोन्ही ठिकाणी चोख धरलाय. पोरीचा डोळा हलत नाही, बंदुकीचा हलतोय.” त्यांनी बॅकसाइट अंगठ्याने दाबली. ती केसभर उजवीकडे गेली आणि खट् असा बारीक आवाज करून परत आली. एक स्क्रू सैल झालेला होता. गोळी झाडल्याच्या धक्क्याने ती कधी या बाजूस बसे, कधी त्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रू आवळून त्याच मुलीस त्याच बंदुकीवर पाच गोळ्या दिल्या. पाचही छिद्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. परंतु यादी आदल्या रात्रीच पुढे गेली होती आणि त्या वर्षी ती मुलगी संघात गेली नाही. पुढल्या वर्षी तिचे लग्न ठरले आणि तिने शाळा सोडली. तो कागद अनेक वर्षे माझ्या कपाटात होता. डोळे तपासून घ्यावे काय, असे कोणी विचारले की आधी मी विचारतो, बंदुकीचे स्क्रू तपासले काय? बॅकसाइटचा, माशीचा, आणि लाकडी दस्त्यास नळी जखडणारे, विशेषतः ते. हे शेवटचे सैल असले तरी दोन झुबके पडतात, कारण दर गोळीगणिक नळी लाकडात नव्या जागी टेकते.

छिद्रे कोणत्याही आकाराशिवाय चहूकडे विखुरली असतील, तर बहुधा नळी मळलेली किंवा तिचे तोंड दुखावलेले असते. मंद शिशाच्या गोळ्या नळीत मेण आणि शिसे सोडीत जातात. आमच्याकडे दोरीच्या टोकास चिंदी बांधून नळी पुसण्याची चाल होती आणि फौजी भाषेत त्या दोरीस ‘फुलत्रू’ म्हणत. दोरी तिरपी ओढली तर ती नळीच्या तोंडाची कड झिजविते, आणि गोळीस शेवटचा स्पर्श त्याच कडेचा होत असतो. म्हणून दोरी सरळ ओढावी. उलटपक्षी, पुसून तेल दिलेल्या नळीतून पहिल्या दोन-चार गोळ्या भलतीकडे जातात. त्या मोजणीत धरू नयेत. नळी रोज घासून लखलखीत ठेवण्याचा हव्यास असणारे एक सद्गृहस्थ माझ्या परिचयाचे होते. त्यांच्या मुलाचा सराव त्या दोन-चार गोळ्यांतच संपत असे.

आता हवेच्या बंदुकीविषयी थोडे, कारण शहरातील बहुतेक मुले तेथूनच आरंभ करतात. दहा मीटरवरच्या स्पर्धेत ४·५ मिलिमीटरचा, अर्ध्या ग्रॅमहून थोडा जड असा शिशाचा छर्रा वापरतात. तो सेकंदाला सुमारे १७० मीटर जातो, म्हणजे ·२२ च्याही निम्म्या वेगाने. निशाणावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. येथे एक नवे तत्त्व पुढे येते. चाप सुटल्यावर ·३०३ ची गोळी नळीत सुमारे दीड सहस्रांश सेकंद असते, ·२२ ची सुमारे अडीच, आणि हा छर्रा सुमारे चार. तेवढा वेळ नळी जिकडे डोलेल तिकडे गोळी जाणार. बंदूक जितकी दुबळी, तितका हाताचा दोष तिच्यात अधिक उमटतो. जोरदार बंदूक माणसाला खांद्यावर धक्का देते, पण त्याचे पाप थोडे झाकते. म्हणून छर्रा झाडल्यावर लगेच डोके उचलून “लागली का?” असे पाहणाऱ्या मुलाचा झुबका कधीच मिटत नाही. गोळी गेल्यावरही एक-दोन सेकंद नेम धरून राहावे, असे गुरुजन सांगतात त्याचे कारण एवढेच आहे. बाकी छर्ऱ्याची मागची कड नाजूक असते, डबा हातातून पडला की ती चेपते. असा डबा सरावाला ठेवावा, स्पर्धेला नेऊ नये.

शेवटी एक धोक्याची गोष्ट सांगावयाची आहे आणि ती पालकांनी लक्षपूर्वक ऐकावी. कमी जोराच्या गोळीचे हे दुसरे अंग आहे. एखाद्या काडतुसात दारू फारच कमी पडली किंवा मुळीच नसली, तर ठिणगीच्या मसाल्याच्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि मध्येच अडकून बसते. आवाज होतो, पण फुसका. धक्का बसत नाही. कागदावर छिद्र दिसत नाही. पोराला वाटते, नेम अगदीच चुकला. तो घाईने दुसरे काडतूस भरतो आणि चाप ओढतो. दुसरी गोळी पहिलीवर आदळते आणि नळी फुगते किंवा फुटते, मुलाच्या डाव्या हातापासून वीतभर अंतरावर. जुन्या शिकारी मंडळींत घरी बसून काडतुसे भरण्याची हौस असे आणि अशी दुर्घटना व्हावयास ती हौस फार सोयीची असते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा आज गुन्हा आहे. तेव्हा कोणी मुलाच्या गुणांसाठी म्हणून हात शिवशिवत असेल तर त्याने तो आवरावा. आणि कारखान्याच्या काडतुसातही हा प्रकार क्वचित घडतोच.

म्हणून आमच्या रेंजवर नियम होता. आवाज नेहमीहून हलका आला किंवा मुळीच आला नाही, तर मुलाने बोटदेखील हलवावयाचे नाही; नळी निशाणाकडेच ठेवून मोठ्याने “थांबा” असे म्हणावयाचे. सर्व रांग थांबे. आवाजच झाला नसेल तर उशिरा पेट घेणाऱ्या काडतुसासाठी अर्धा मिनिट वाट पाहावयाची. मग हवालदार स्वतः बोल्ट उघडून काडतूस बाहेर काढीत, बोल्टच बाजूला करीत आणि मागल्या बाजूने नळीतून आकाशाकडे पाहात. गोल उजेड दिसला तर बंदूक मुलाच्या हाती परत. उजेड दिसला नाही तर त्या दिवशी ती बंदूक आर्मररकडे जात असे आणि मुलास दुसरी मिळत असे, गुण मात्र तेथपासूनच मोजावयाचे.